हिराजी फिटरचा अकरा इंची पंखा

हिराजीदादा इंजिनाचा आवाज दातांनी ऐकत. बांबूची हातभर काठी घ्यायची, एक टोक दाढांमध्ये धरायचं, दुसरं चालत्या इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. रेवदंड्याच्या बंदरावर नवखा कोणी आला की त्याला वाटे, हा माणूस इंजिन खातो की काय. पण दोन मिनिटांनी दादा काठी काढून सांगत, "तिसऱ्या नंबरचा वॉल्व ढिला हाय," आणि उघडून बघितलं की तिसराच असे.

कान गेलेले म्हणून दात. उजवा पार गेला होता, डावा निम्मा. दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर ते चार वर्षं लढाऊ विमानांचे फिटर होते. हरिकेन नावाचं, एकच माणूस बसेल असं विमान, पुढे तीन पात्यांचा पंखा, मागचं निम्मं अंग कापडानं मढवलेलं. त्या पंख्याशेजारी उभं राहून कान बसले. कोळीवाड्यातल्या पोरांना हे सगळं थाप वाटे. म्हातारी माणसं गालात हसत.

मी वऱ्हाडातला. सातवीनंतर शाळा सुटली आणि जिनिंगच्या कारखान्यात लेथवर लागलो. तो बंद पडला तेव्हा ओळखीच्या एका मुकादमानं रेवदंड्याचा पत्ता दिला. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मासेमारीच्या होड्यांना नुकतीच इंजिनं बसू लागली होती आणि खाडीकाठच्या आमच्या वर्कशॉपला लेथवाला हवा होता. मी तेवीस वर्षांचा होतो. समुद्र पाहिलेला नव्हता, मासा खाल्लेला नव्हता. आणि भीती तर माझ्या अंगातच होती. कोणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटे, आता काढून टाकणार.

दुसऱ्याच आठवड्यात मी दांड्यावर बसणारा एक काशाचा बुश दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त कातला. वाया गेला. मालक आले, बुश हातात घेऊन माझ्याकडे बघू लागले. हिराजीदादा होडीतून वर चढले आणि म्हणाले, "माप मीच चुकीचा दिलाय शेट." मालक बडबडत निघून गेले. मी काही बोलणार, तर दादा म्हणाले, "एक डाव माजा. दुसरा तुजा. तिसरा व्हायला नको." त्या रात्रीपासून मी त्यांच्याच पडवीत झोपायला लागलो. सोनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, पहिले काही दिवस ताट वाढून समोर बसायची. "वऱ्हाडी, मासली खातोस का नुसता बघतोस? ती मेलेली हाय रं, चावनार न्हाय." त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या दोघांनी मला काय दिलं ते मी मोजत बसत नाही. मोजून संपणार नाही एवढंच सांगतो.

होडीच्या मागे पाण्यात जो फिरतो त्याला बंदरावर सगळे पंखाच म्हणत. कोणत्या होडीला कोणता पंखा, हे ठरवण्यात दादांचा शब्द शेवटचा. त्यांची रीत अशी. नवी होडी धक्क्याच्या खांबाला दोरानं बांधायची. दोराच्या मध्ये मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवायचा. इंजिन पुऱ्या जोरात सोडायचं. होडी दोर ताणून उभी, काटा किती रत्तल दाखवतो ते बघायचं. मग पंखा बदलायचा, पुन्हा बघायचं. जो जास्त ओढेल तो त्या होडीचा. "दोर तानला का खरं कलतं," दादा म्हणत. "पान्यात सोडल्यावर सगल्याच होड्या पलतात." आणि त्यांनी निवडलेला पंखा कधी चुकला नाही. जाळं ओढत हळू जाणाऱ्या होड्या त्या. त्यांना ओढच लागते.

पंखा म्हणजे दोन गोष्टी, हे त्यांनीच मला शिकवलं. एक त्याची रुंदी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरा पीच. पात्याला जो पीळ असतो त्यामुळे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकायला हवा, ते माप. मोठा पंखा, कमी पीच: ताकद. लहान पंखा, जास्त पीच: वेग. लेथवर उभं राहून मी हे पाठ केलं, जसं शाळेत पाढे केले होते.

दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि कामाची गडबड ओसरली की हिराजीदादा एक अर्ज करत. विमान दुरुस्तीच्या सरकारी कारखान्यात फिटरची जागा मिळावी म्हणून. इंग्रजी अर्ज पोस्टमास्तर लिहून देत. दोन-तीन महिन्यांनी उत्तर येई, तेही पोस्टमास्तरच वाचून दाखवत: लष्करातून सुटल्याचा दाखला जोडावा. दाखला होता, पण जोडण्यासारखा नव्हता. युद्ध संपल्यावर बराकीतल्या हिंदी लोकांनी एकदा निकृष्ट अन्नावरून जेवण नाकारलं, कामावर जायलाही नकार दिला. दादा त्यात होते. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात एकच वाईट शब्द लिहून त्यांना घरी धाडलं होतं. त्यानंतर वर्षभरात गोरे गेले. तो शब्द राहिला.

धक्क्यावरची माणसं विचारत, "काय हिराजी, इमान कवा येतंय तुला न्यायला?"

"भरती लागली का येल," दादा म्हणत. हसत नसत. बंदराच्या इंजिनांचं काम ते मन लावून करत, पण ते त्यांना स्वतःचं वाटत नसे. एकदा मला म्हणाले, "होडीचा इंजिन बंद पडला तर मानूस वल्ही मारतो. तिथं वल्ही न्हाईत. तिथं तुजा बोल्ट म्हंजे वल्हा."

नागावला नारळाच्या वाडीत एक बंगला होता. तिथे हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब राहायला आले. त्यांच्या पाण्याच्या पंपाचं इंजिन अडलं म्हणून दादा आणि मी सायकलवरून गेलो. दादांनी काठी दातात धरली, आणि साहेब मागे उभे राहून बघत होते ते म्हणाले, "हे कुठं शिकलास?" दादांनी तुकडीचा नंबर सांगितला. साहेब खुर्चीवर बसले. पुढचे दोन तास पंपाकडे कोणी बघितलं नाही.

साहेबांच्या भावानं परदेशातून एक पेटी पाठवली होती. त्यात बाल्साचं अगदी हलकं लाकूड, बिनतारी यंत्राचे दोन डबे आणि दोन चिमुकली इंजिनं. एक डबा विमानात बसवायचा, दुसरा हातात धरायचा. बटण दाबलं की विमानाचं सुकाणू वळणार. साहेबांना हरिकेनची पाच फुटी प्रतिकृती बांधून उडवायची होती, पण बारीक कामाला त्यांचे हात थरथरत. दादांनी बांधायचं काम मागून घेतलं. तेव्हा साहेब म्हणाले, "बांध. उडालं, तर मी स्वतः कारखान्याच्या मोठ्या साहेबाला चिठ्ठी लिहीन. तो माझ्या हाताखाली होता. त्या दाखल्याकडे कोणी बघणार नाही."

परतताना दादा सायकल हातात धरून चालत राहिले, बसलेच नाहीत. चौल ओलांडल्यावर म्हणाले, "लेथवाल्या, पंधरा वरसं झाली रं."  मी म्हणालो, "होईल दादा." ते म्हणाले, "व्हईल न्हाय. करायचं हाय."

पाच महिने रोज संध्याकाळी आम्ही त्या पडवीत बसलो. बाल्सा पुरलं नाही तिथे दादांनी पांगाऱ्याचं लाकूड वापरलं, तेही हलकं. चाकांच्या दांड्या, इंजिनाची बैठक, पंखा बसवायची मूठ हे सगळं मी लेथवर कातलं. वहिनी रेशमी कापड ताणून धरायची आणि म्हणायची, "माज्या लग्नात येवढा रेशीम नव्हता, या पाखराला बघा."

इंजिन निवडताना साहेबांचं आणि दादांचं जुंपलं. साहेबांना दिव्याच्या तारेसारखी तार तापवून पेटणारं, शिट्टी वाजवत पळणारं हलकं इंजिन हवं होतं. दादांनी दुसरं उचललं, ते जड आणि डिझेलचं. त्याला ईथर, रॉकेल आणि एरंडेल मिसळून लागे. ईथर डॉक्टरांकडून आणावं लागणार होतं. साहेब म्हणाले, "जड कशाला?" दादा म्हणाले, "हरिकेनचा नाक आखूड हाय साहेब. हलका इंजिन लावला तर नाकात शिसा भरायला लागंल. शिसा काय काम करतो? त्यापेक्षा वजन कामाचा असू दे." साहेबांनी मान्य केलं. आज चाळीस वर्षं विमानांत काढल्यावरही मी सांगतो, ती निवड बरोबर होती.

मग पंखा. साहेबांना खऱ्यासारखा तीन पात्यांचा हवा होता. दादांनी तोही केला, रंगवला, पण बाजूला ठेवला. "निवद दाखवायचा येगला, पोटाला भाकर येगली." उडवायला त्यांनी शिवणीच्या लाकडाचे दोन पात्यांचे दोन पंखे तासले. एक नऊ इंची, सहाच्या पीचचा. दुसरा अकरा इंची, चारच्या पीचचा. आणि मग त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर करत आले होते. विमान पडवीच्या खांबाला दोरीनं बांधलं, मध्ये तोच मासळी तोलायचा काटा लावला. नऊ इंचीनं पावणेदोन रत्तल ओढलं. अकरा इंचीनं अडीच. काटा मी वाचला. दादांनी मला तीनदा वाचायला लावलं. साहेबांनीही वाकून बघितलं आणि मान हलवली. ते वैमानिक होते, फिटर नव्हते. पंखा ठरला.

उडवण्याच्या आदल्या दिवशी तोल बघायचा होता. नागावच्या किनाऱ्यावर ओहोटीची घट्ट वाळू होती. दादांनी इंजिन चालू केलं, विमान माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "डोक्यावर धर आनि वाऱ्याच्या तोंडावर पल. सोडू नको. नाक जड लागतंय का शेपटी, ते सांग."

मी पळालो. उभा होतो तेव्हा विमान हातांना ओढत होतं, एखादं वासरू दाव्याला ओढतं तसं. पण वेग घेतला, समोरून वारा अंगावर आला, आणि ती ओढ हाताखालून कमी होत गेली. इंजिन तर आणखीच जोरात ओरडत होतं. वीस पावलं मी पळालो असेन. मी थांबलो तशी ओढ परत आली. तोल उत्तम होता. मी परत आलो तेव्हा दादांनी विचारलं, "कसा हाय?" मी म्हणालो, "तोल एकदम बरोबर दादा."

ओढीचं बोललो नाही. मला वाटलं, माझेच हात. मला वाटलं, मी पळत होतो म्हणून तसं लागलं. सातवी पास माणूस, लेथवर बुश बिघडवणारा, हिराजी फिटरला पंख्याबद्दल काय सांगणार? शिवाय त्यांचा चेहरा त्या दिवशी असा होता की त्यावर शंकेचा ओरखडा काढायची माझी छाती झाली नाही. हे मी आता इतक्या सरळपणे लिहितो आहे, पण हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा समुद्रावरून नीट येत होता. वहिनी डोक्यावर पदर घेऊन वाळूत बसली होती. साहेबांनी हातातला डबा धरला, दादांनी विमान सोडलं. ते पळालं, शेपटी उचलली, चाकं वाळू सोडून वर आली. माणसाच्या उंचीवर, मग दोन माणसांच्या उंचीवर. उडत होतं. दादा एक पाऊलही हलले नाहीत. मग साहेबांनी ते परत आणायला बटण दाबलं. विमान वळलं, एक पंख खाली गेला, आणि ते तसंच वळता वळता बसू लागलं. इंजिन पुऱ्या आवाजात ओरडत होतं आणि विमानाला पुढे जाता येत नव्हतं. ओल्या वाळूत नाक रुतलं.

आम्ही पोचेस्तोवर एका बाजूचा पंख मोडून वेगळा झाला होता. इंजिनाच्या पोटात वाळू गेली होती, दांडा वाकला होता. दादांनी गुडघे टेकून एकेक तुकडा उचलला, टॉवेलात ठेवला.  साहेब म्हणाले, "हिराजी, पाऊण मिनिट उडालं. माझ्यासाठी तेवढं पुरे. चिठ्ठी मी आजच लिहितो."

"न्हाय साहेब."

"का?"

"उडालं तर लिवीन, असं बोल्ला तुमी. ता पडला. अर्ज करतो तो माजा शबूद हाय, तो खोटा ठरला तर माजा ठरंल. चिठी तुमचा शबूद. तो मी खोटा पाडनार न्हाय." मग ते माझ्याकडे वळले. "द्यायचीच तर याच्या नावानं द्या. लेथचा काम यानं केलाय. बगा, चाकं, बैठक, मूठ, एकपन तुटली न्हाय."

साहेब माझ्याकडे बघत होते. वहिनी माझ्याकडे बघत होती. मला हे सांगायचं होतं की नको, ही त्यांची जागा आहे. ते मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, "जशी तुमची इच्छा, दादा."

विमान का पडलं, याबद्दल दादांनी स्वतःचं एक कारण धरलं: बिनतारी यंत्र अडकलं, सुकाणू वळलेलं राहिलं. दुसरं विमान बांधायचं ते बोलत, पण इंजिन गेलं होतं आणि पुढच्या पावसाआधी साहेब बंगला विकून मुलाकडे गेले. मी चिठ्ठी घेऊन दक्षिणेकडे त्या विमानांच्या कारखान्यात गेलो. जागा मिळाली. मी रुजू झालो त्याच महिन्यात दादांनी आपला अर्ज पुन्हा धाडला होता, हे मला पोस्टमास्तरांच्या पत्रातून कळलं.

तिथे आम्हा नव्या लोकांचा एक वर्ग होई. एका दुपारी जुन्या फोरमननं फळ्यावर पंखा काढला आणि सांगितलं: बांधून ठेवलेल्या विमानाची ओढ तुम्हाला फसवते. कमी पीचचा मोठा पंखा जागेवर सर्वांत जास्त ओढतो. पण विमान पळू लागलं की त्याला चावायला हवाच उरत नाही, इंजिन नुसतं जोरात फिरतं आणि ओढ विरत जाते. जड, लढाऊ बांध्याच्या विमानाला हवेत राहायलाच वेग लागतो. त्याला तसला पंखा दिला तर ते सरळ जेमतेम उडेल, वळलं की बसेल.

  माझ्या तळहातांत ती वीस पावलं परत आली. नऊ इंची पंखा पडवीत पडून होता. तो लावला असता तर. मी बोललो असतो तर.

दीड वर्षानं रजा मिळाली. घरी वऱ्हाडात जायच्या आधी मी रेवदंड्याला गेलो. वाटेत ठरवत होतो, सांगायचं नाही. मग ठरवलं, सांगायचं. त्यांच्या जागेवर मी बसलोय, निदान खरं तरी त्यांचं त्यांना द्यावं. जेवण झाल्यावर मी सगळं सांगितलं. पीचचं, बांधलेल्या ओढीचं, आणि पळताना माझ्या हातांना जे कळलं होतं तेही.

मला वाटलं होतं ते चिडतील. ते पुढे सरकून बसले. "परत सांग. किती पावलांनी ढिला पडला?" मी सांगितलं. "इंजिनाचा आवाज चढला व्हता का उतरला?" चढला होता. "थांबल्यावर परत ओढ आली?" आली. त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं. मग मागे टेकले.

"म्हंजे यंत्र बरोबर व्हता."

"हो."

"इंजिनपन."

"हो दादा."

"पंखाच माजा चुकला." त्यांनी वहिनीकडे बघितलं. "आयकलास? पंखा माजा चुकला."

मी म्हणालो, "दादा, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

"तू काय बोलनार? मीच काटा लावला." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला हलक्या मनानं परत जाता आलं असतं.

त्या साली नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. दादांनी अर्ज केला नाही. पोस्टमास्तरांनी आठवण केली तर म्हणाले, विमानाचा पंखा ज्याला कळत नाही त्यानं विमानाकडे जाऊ नये. पुढच्या वर्षीही केला नाही. वर्कशॉपमध्ये येत, सांगितलेलं काम करत. होडीचा पंखा निवडायची वेळ आली की म्हणत, "दुसऱ्याला इचारा." त्यांचे सगळे पंखे बरोबर होते, होड्यांसाठी त्यांची रीत बरोबरच होती, असं मी पत्रातून कितीदा लिहिलं. पोस्टमास्तरांनी वाचूनही दाखवलं. तिसऱ्या वर्षी छातीत पाणी होऊन ते गेले. मला तार मिळाली तेव्हा सगळं आटपून चार दिवस झाले होते.

मी गेलो. वहिनी पडवीत सुकटाला ऊन दाखवत बसली होती. तिनं मला पाणी दिलं, जेवलास का विचारलं.  मग ती म्हणाली, "अर्ज करीत व्हता तवा दोन-तीन महिने पोस्टाची वाट तरी बगायचा. उत्तर आला का दोन दिस जेवायचा न्हाय, आनि मंग परत पुढच्या सालाची वाट बगायचा. तू सांगून गेलास, आनि त्यानं वाटच बगायची सोडली."

मी म्हणालो, "वहिनी, खरं होतं म्हणून सांगितलं."

"खराच व्हता," ती म्हणाली. "ता सांगितलास, बरा केलास का वाईट, मना न्हाय कलत रं बाबा."

तिनं सूप उचललं आणि सुकट हलवू लागली.